फिरतं घर, एक छत्री आणि दोन पडदे

बीड जिल्ह्यात फिरत्या घराचे दोन प्रकार आहेत आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. पहिला जुना. दसरा-दिवाळी उरकली की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, आष्टी या तालुक्यांतल्या वाड्या-तांडे रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये नाहीतर टायरगाडीत संसार भरतात आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर किंवा सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या तळावर जाऊन कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालतात. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत. दुसरा प्रकार अगदी नवा. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर झोपायला, रांधायला, आंघोळीला सोय असलेली गाडी घेऊन परळी वैजनाथ, अंबाजोगाई, धारूरचा किल्ला, सौताड्याचा धबधबा, नायगावचं मयूर अभयारण्य अशी फेरी मारण्याची कल्पना निदान कागदावर तरी आली.

एकाची गाडी गरजेपोटी फिरते, दुसऱ्याची हौसेपोटी. पण संध्याकाळी सातच्या सुमारास दोघांचाही प्रश्न एकच असतो. म्हातारीला मालिका हवी, पोराला क्रिकेट, आणि गावाकडच्या घरासारखी टीव्हीची पक्की छत्री (डिश) इथे नाही. हलत्या घरात उपग्रहावरचं स्वच्छ चित्र एकाहून जास्त पडद्यांवर कसं आणायचं, यावर बाजारात बरीच सामग्री आहे आणि त्याहून बरेच गैरसमज. त्यांतली कोणती सामग्री इथल्या आकाशाला, इथल्या खिशाला आणि इथल्या विजेला लागू पडते, ते पाहू.

उपग्रहाचा टीव्ही मराठवाड्याला तसा उशिराच लाभला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत सामुदायिक टीव्ही दिसत होता. त्यात आपल्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे होते, महाराष्ट्र नव्हता. त्या वेळची छत्री कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तब्बल तीन मीटर व्यासाची. ती उचलून कोपीवर न्यायची कल्पनाही कुणाला शिवली नसती. पुढे अंबाजोगाईच्या दूरदर्शन क्षेपकाने जिल्ह्यातल्या गच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने उभे केले. असे जमिनीवरचे अॅनालॉग क्षेपक प्रसार भारतीने २०२१-२२ मध्ये टप्प्याटप्प्याने मोडीत काढले. तोवर खेड्यांनी आपला मार्ग शोधलेला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही आला. १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सुरू झाली, तीच आजची डीडी फ्री डिश. टाटा स्काय (आताची टाटा प्ले) २००६ मध्ये, एअरटेल २००८ मध्ये. छत्री साठ सेंटिमीटरवर आली, मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर मावू लागली, आणि तिथून फिरत्या घराचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आता आकाशाकडे. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर, जमिनीपासून जवळपास छत्तीस हजार किलोमीटरवर, एकाच जागी थांबल्यासारखे दिसतात. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. बीड शहरातून बघितलं तर ही जागा जवळजवळ काटेकोर आग्नेयेला पडते, क्षितिजापासून साठ अंश वर. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत. ते दक्षिणेकडे जास्त सरकलेले आणि आणखी उंच, ६६ अंशांवर. एअरटेल १०८.२ अंशांवर, म्हणजे पूर्वेकडे झुकलेला आणि तुलनेने खाली, ४७ अंशांवर. कोपीसमोर छत्री कुठे रोवायची हे ठरवायला एवढे आकडे पुरतात.

साठ अंशांचा व्यावहारिक अर्थ असा, की आग्नेयेला दहा मीटर उंचीचा कडुनिंब असेल तर छत्री त्याच्यापासून निदान सहा मीटर दूर हवी. गाडीवाल्याला नेमकी सावली हवी असते आणि छत्रीला उघडं आभाळ. म्हणूनच टपावर कायमची ठोकलेली छत्री ही इथल्या हवेत चुकीची खरेदी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिलात परळीच्या उन्हात टपावरची छत्री वाचवण्यासाठी गाडी उन्हात लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी ती छत्री काढून टाकेल. छत्री सुटी ठेवावी, दहा-पंधरा मीटर आरजी-६ वायर बरोबर असावी, गाडी निंबाखाली आणि छत्री उघड्यावर.

आणि ती बसवायची कशी? तळावरची मुलं हे काम बघून बघून शिकतात. जुन्या चाकाच्या रिंगेवर वेल्ड केलेला पाइप, त्यावर छत्री, पायाला दोन दगड. आधी पाइप ओळंब्यात. तो तिरका असला की पुढची सगळी मापं खोटी ठरतात. मोबाइलमधल्या होकायंत्राने आग्नेय धरायची, पण ट्रॉलीच्या लोखंडापासून चार पावलं लांब जाऊन, नाहीतर सुई लोखंडाकडे झुकते. छत्री मात्र साठ अंश वर बघत असल्यासारखी दिसत नाही, बरीच उभी दिसते. हिची घडण अशी असते की लाटा तोंडाच्या रेषेपेक्षा वीस-पंचवीस अंश वरून येऊन समोरच्या एलएनबीत, म्हणजे लाटा पकडणाऱ्या डब्यात, गोळा होतात. नवखा माणूस इथेच फसतो आणि छत्री आभाळाकडे उताणी करतो. शेवटी एलएनबी पिळायचा. बीडमध्ये फ्री डिशसाठी हा पीळ चाळीस अंशांच्या आसपास, टाटा प्लेसाठी वीसच्या. हा पीळ चुकला तर निम्म्या वाहिन्या येतात आणि निम्म्या फुटतात, आणि दोष सेट-टॉप बॉक्सला दिला जातो.

बीडहून कोल्हापूरला तळ हलला तर काय बदलतं? उंचीचा कोन जवळपास तोच राहतो. दिशा पाच-सहा अंश पूर्वेकडे सरकते आणि पीळही तेवढाच वाढतो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, त्यामुळे एवढा फरक सिग्नल घालवायला पुरेसा आहे. पण उंचीचा बोल्ट हलवला नाही तर नुसतं आडवं फिरवून चित्र सापडतं. जुन्या टोळ्यांतले लोक पाइपवर रंगाची खूण करून ठेवतात, ते शहाणपणाचं आहे.

या सगळ्यातून हेही कळतं की चालत्या गाडीत ही छत्री चालणार नाही. वळणावर गाडी तीन अंश फिरायला क्षणही लागत नाही. त्यासाठी मोटारीवर फिरणारी, उपग्रहाचा माग काढणारी, फायबरच्या घुमटात झाकलेली छत्री मिळते. जहाजांवर ती असते. अमेरिकेत विनेगार्ड, केव्हीएच अशा कंपन्यांनी मोटारहोमवाल्यांसाठी ती घराघरांत नेली. इथल्या हौशी मंडळींना तिचा मोह पडतो, म्हणून सांगायला हवं की अमेरिकेतला तो घुमट आणून इथे उपयोग नाही. तिकडच्या डीटीएच सेवा वर्तुळाकार ध्रुवण (लाटांच्या कंपनाची दिशा) वापरतात, आपल्याकडच्या उभं-आडवं सरळ ध्रुवण. शिवाय घुमटाच्या डोक्यात पत्ते भरलेले असतात ते तिकडच्या उपग्रहांचे. सरळ ध्रुवणाचे युरोपी घुमट जमवता येतील, पण ती किंमत मोजून चालत्या गाडीत टीव्ही बघणार कोण? ड्रायव्हरच्या नजरेला तो पडताच कामा नये, आणि मांजरसुंब्याच्या घाटात मागच्यांनाही पोट सांभाळण्याचं काम पुरेसं असतं. घुमट सोडून द्या.

अमेरिकेतल्या मोटारहोमवाल्यांची खरी डोकेदुखी मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण आपण तिच्यातून फुकटात सुटलो आहोत. तिथे एकाच सेवेच्या वाहिन्या दोन-तीन वेगवेगळ्या जागच्या उपग्रहांवर वाटलेल्या असतात. डायरेक्टीव्हीच्या एचडी वाहिन्या तर केए नावाच्या वेगळ्या पट्ट्यात, त्या बहुतेक घुमटांना दिसतच नाहीत. डिश नेटवर्कच्या घुमटाला एका वेळी एकच उपग्रह दिसतो. त्यामुळे पुढच्या पडद्यावर एका उपग्रहाची वाहिनी लावली की मागच्या पडद्याला त्याच उपग्रहावरचं काहीतरी बघावं लागतं, नाहीतर भांडण. आपल्याकडे सन डायरेक्टसारखा अपवाद सोडला तर प्रत्येक सेवा आकाशात एकाच जागी आहे आणि एचडी, एसडी दोन्ही केयू नावाच्या एकाच पट्ट्यात येतात. बीडमधल्या साठ सेंटिमीटरच्या साध्या छत्रीवर संपूर्ण पॅकेज एकदम उतरतं. अनेक पडद्यांचा अर्धा प्रश्न इथेच सुटला.

उरलेला अर्धा वायरीचा आहे, आणि गैरसमज सगळे इथेच आहेत. केबलच्या काळात एका वायरीला स्प्लिटर लावून चार घरं जोडली जात, तीच सवय छत्रीला लावली जाते. पण छत्रीवरचा एलएनबी निमूटपणे सगळं खाली पाठवत नाही. खालचा बॉक्स वायरीतूनच त्याला हुकूम देतो. १३ व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्या, १८ दिले की आडव्या. २२ किलोहर्ट्‌झचा सूर दिला की वरचा पट्टा, नाहीतर खालचा. एका वायरीवर दोन बॉक्स बसवले तर दोन धनी आणि एक नोकर अशी गत होते. एकाने वाहिनी बदलली की दुसऱ्याचं चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजतं. दुकानात कुणी ‘डायसेक स्वीच लावा, दोन टीव्ही चालतील’ म्हणालं तर तेही उलटंच. तो स्वीच दोन एलएनबी एका बॉक्सला जोडण्यासाठी असतो, एक एलएनबी दोन बॉक्सना वाटण्यासाठी नव्हे.

सरळ उपाय ट्विन एलएनबी. दोन तोंडं, दोन वायरी, दोन बॉक्स, कुणाचा कुणाला त्रास नाही. चार पडद्यांसाठी क्वाड. गाडीत याहून जास्त पडदे लावणाऱ्याचा आजार वेगळा. गाडीच्या पत्र्यात दुसरं भोक पाडायचं नसेल तर एका वायरीवर प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वारंवारिता देणारा ‘युनिकेबल’ जातीचा एलएनबी असतो, पण बॉक्सलाही ती भाषा यावी लागते, आणि आपल्याकडच्या साध्या बॉक्सना ती येईलच असं नाही. सगळ्यांनी एकच वाहिनी बघायची असेल, जसं की सामना चालू असताना, तर एकच बॉक्स आणि एचडीएमआय स्प्लिटर हा सगळ्यात स्वस्त मार्ग. तो मात्र एचडीसीपी हे नक्कलरोधक कुलूप पाळणारा घ्यावा, नाहीतर एचडी वाहिनीवर काळा पडदा दिसेल. बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना वापरून दुसरा टीव्ही जोडणारे बरेच आहेत. चित्र येतं, पण ते एचडी राहत नाही.

अलीकडे आणखी एक सोय झाली आहे. छत्रीची वायर थेट टीव्हीत खुपसता येईल असे, आत उपग्रह ट्यूनर असलेले संच. भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी आयएस १८११२ हे मानक २०२२ मध्ये काढलं. खुल्या वाहिन्यांपुरता बॉक्सच नाहीसा होतो, एक अडॅप्टर कमी, एक रिमोट कमी. कोपीत किंवा गाडीत वायरींचा गुंता हाच निम्मा वैताग असतो, त्यामुळे फिरत्या घराला याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही.

‘हाय डेफिनिशन’ हवं कशाला, हाही प्रश्न विचारायला हवा. चोवीस इंची संच बहुतेक ‘एचडी रेडी’च असतो. कोपीत किंवा गाडीत माणूस त्याच्यापासून सहा-सात फुटांवर बसतो. मालिकेतल्या सासूचा शालू एसडीत दिसला काय आणि एचडीत दिसला काय, फार फरक पडत नाही. फरक पडतो तो धावफलकाच्या बारीक आकड्यांत आणि सीमारेषेकडे पळणाऱ्या चेंडूत. फ्री डिशवरच्या बहुतांश वाहिन्या एसडी आहेत, आणि जुना एमपेग-२ बॉक्स असेल तर एमपेग-४ मधल्या वाहिन्या दिसतही नाहीत. तरीही क्रिकेटसाठी फ्री डिशला एक कायदेशीर वजन आहे. २००७ च्या क्रीडा प्रसारण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतं, खासगी केबलवर नाही. भारताचा मायदेशातला सामना तळावर फुकट दिसतो तो यामुळे.

मराठीचं चित्र वेगळं. सह्याद्री आहेच. खासगी मराठी वाहिन्या फ्री डिशच्या लिलावात जागा घेतात-सोडतात, यादी दर वर्षी बदलते. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ पासून आहेत, पण त्या पैसे मोजणाऱ्यांसाठी. म्हणजे मराठी मालिका एचडीत हवी तर खासगी डीटीएच, आणि दोन पडद्यांवर हवी तर दोन बॉक्स, दोन कार्डं. दूरसंचार नियामक ट्रायने २०२० मध्ये दुसऱ्या टीव्हीसाठीचं जोडणी शुल्क पहिल्याच्या चाळीस टक्क्यांवर बांधलं होतं. २०२४ मध्ये ते शुल्क ठरवणं कंपन्यांवर सोपवलं. तेव्हा रीचार्ज मारण्याआधी दुसऱ्या बॉक्सचा दर स्वतंत्रपणे विचारून घ्यावा. ऊसतोडीला जाणाऱ्या घराने सहा महिने गावाकडची छत्री रिकामी ठेवून तोच बॉक्स बरोबर न्यावा हे उत्तम, कारण छत्री कुठल्याही तळावर त्याच उपग्रहाकडे वळते.

विजेचा हिशेब मात्र कुणी करत नाही, आणि सगळं अडतं तिथेच. चोवीस इंची एलईडी साधारण तीस वॅट खातो, बॉक्स दहाच्या आसपास. दोन पडदे आणि दोन बॉक्स म्हणजे ऐंशी वॅट. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची ट्रॅक्टरची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी सहाशे वॅट-तास, सात तासांचा टीव्ही. इन्व्हर्टर मध्ये घातला की त्यातले काही तो स्वतःच खातो. म्हणून बारा व्होल्टवर थेट चालणारा टीव्ही शोधावा. बॉक्स बहुतेक बारा व्होल्टचेच असतात, अडॅप्टर काढून टाकला की झालं, फक्त मागचं लेबल वाचून घ्यावं. बीडच्या उन्हात शंभर वॅटची सोलर पाटी हंगामात दिवसाला चार-साडेचारशे वॅट-तास देते. त्यात दोन्ही पडदे पाच तास निघतात. पण कोपीत त्याच बॅटरीवर दिवा आणि मोबाइलही असतो, आणि पहाटे चारला फडावर निघायचं असतं. दुसरा पडदा बहुतेक वेळा इथेच विझतो.

हवेची काळजी कमी आहे. केयू पट्ट्याचा शत्रू पाऊस. जिल्ह्याची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत, आणि ऊसतोडीचा हंगाम नि सहलीचा मोसम दोन्ही कोरडे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ फ्री डिशचं चित्र जातं. सूर्य तेव्हा नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. छत्री हलवू नये, आपोआप परत येतं.

‘आता छत्री हवीच कशाला, मोबाइल आहे ना’ हा आक्षेप खरा आहे आणि अर्धवटही. आज तळावर पहिला पडदा मोबाइलचाच. पण बालाघाटच्या रांगांत, सौताड्याच्या दरीत रेंज लपंडाव खेळते, आणि दोन पडद्यांवर दोन तास एचडी बघितलं तर दिवसाचा डेटा संपून उद्याचाही संपतो. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. हौशी गाडीवाल्याला ते कधीतरी परवडेल, कोयत्याला नाही. एकदा छत्री लागली की पडदे कितीही लावा, फ्री डिशचं बिल शून्यच राहतं. मोबाइलच्या डेटाला हे जमत नाही.

गाडी घेऊन जिल्हा बघायला निघणाऱ्याला माझा सल्ला एवढाच. सुटी साठ सेंटिमीटरची छत्री, ट्विन एलएनबी, बारा व्होल्टचे दोन संच. एचडी हवं असेल तर घरचा खासगी बॉक्स बरोबर घ्यावा आणि दुसऱ्या पडद्याला फ्री डिश द्यायचा विचार सोडावा, कारण दोन्हींचे उपग्रह वेगळे आणि मग छत्र्याही दोन लागतात.

तळांसाठी मात्र प्रत्येक कोपीने स्वतंत्र छत्री रोवणं हा उपाय नव्हे. एक नव्वद सेंटिमीटरची छत्री, एक क्वाट्रो एलएनबी आणि सोळा तोंडांचा मल्टिस्वीच एवढ्यावर सोळा कोप्यांत सोळा वेगवेगळ्या वाहिन्या दिसू शकतात. हे सामान शहरातल्या अपार्टमेंटांच्या गच्चीवर नेहमी बसतं. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कारखाने आहेत, कॅराव्हॅन पार्कांची आखणी करणारं पर्यटन खातं आहे. गाळप सुरू होण्याआधी तळाची जागा ठरते आणि पाण्याची टाकी बसते. त्याच वेळी आग्नेयेला झाड नसलेला एक कोपरा बघून खांब रोवावा, त्यावर ही छत्री चढवावी, आणि संध्याकाळी सहा ते दहा त्या तळाला वीज द्यावी.